तैलरंग वाळतो म्हणजे काय होते?

आम्ही नववीत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे कामरगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा देऊन झाल्या होत्या आणि जलरंगांचा जरा कंटाळा आला होता. अशात अमरावतीच्या मामांनी तैलरंगाच्या लहान ट्यूबांची एक पेटी आणून दिली. आतल्या कागदावर सूचना होती, की रंग घट्ट वाटल्यास त्यात ‘लिनसीड ऑइल’ मिसळावे. लिनसीड म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि कुणाला विचारायची लाज वाटली. तेल ते तेल, असा विचार करून आम्ही स्वयंपाकघरातले सरकीचे तेल घेतले आणि पुठ्ठ्यावर बैलजोडीचे चित्र रंगवले.

दसऱ्याला रंगवलेले ते चित्र दिवाळीत चिकट होते, संक्रांतीला चिकट होते आणि होळीलाही चिकटच होते. घरात कापूस साठवलेला. त्याचे तंतू, अंगणातली धूळ आणि दोन माश्या एवढे सगळे त्या बैलांच्या अंगावर कायमचे बसले. आम्हाला वाटले, रंगच खराब निघाले.

खरी मौज पुढे कळली. बी.एस्सी.च्या वर्गात वनस्पतिशास्त्राच्या तासाला ‘लायनम युसिटॅटिसिमम’ हे नाव आले आणि सरांनी सांगितले, लिनसीड म्हणजे आपला जवस. म्हणजे जे तेल आम्ही शोधत होतो त्याचे बी, सरकीच्या तेलाच्या डब्याशेजारीच, आजीच्या चटणीच्या डब्यात होते! युसिटॅटिसिमम या शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उपयुक्त’. याच वनस्पतीच्या खोडापासून लिननचा धागा काढतात आणि युरोपातले जुने चित्रकार ज्या कापडावर रंगवत ते बहुधा लिननचेच असे. कापड त्या झाडाचे आणि रंगातले तेलही त्याच झाडाचे.

हा लेख आम्ही लिहीत आहोत तो शाळेत तैलरंगाची सुरुवात करून देऊ इच्छिणाऱ्या कलाशिक्षकांसाठी आणि त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या विज्ञानशिक्षकांसाठीही. कारण तैलरंगाबद्दल नवशिक्याला जे नियम सांगितले जातात, ‘असे करा, तसे करू नका’, ते जवळजवळ सगळे एकाच रासायनिक क्रियेतून निघतात. ती क्रिया समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

ओला सदरा दोरीवर वाळतो तेव्हा त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. जलरंगाचेही तसेच. पाणी उडते, मागे रंगद्रव्य आणि डिंक उरतो. त्यावर पुन्हा ओला ब्रश फिरवला तर रंग पुन्हा विरघळतो. तैलरंगात मात्र तेल उडून जात नाही. जवसाचे तेल बशीत ठेवून त्याची वाफ होण्याची वाट पाहिली तर आपले आयुष्य पुरणार नाही. तरीही त्या तेलाचा पातळ थर काही दिवसांत घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा तेलात विरघळत नाही. तेल गेले नाही तर मग झाले काय?

याचे उत्तर तराजू देतो. सुमारे २० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद काचेचे वजन करा. तिच्यावर १ ग्रॅम जवसाचे तेल बोटाने सारखे पसरवा. हा थर एक मिलिमीटरच्या तीसाव्या-चाळीसाव्या भागाइतका, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीहूनही पातळ होतो. आता रोज एकाच वेळी वजन करा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा तराजू हल्ली फार महाग नाही. पहिले एकदोन दिवस बहुधा काहीच घडणार नाही. मग वजन वाढू लागेल आणि थर घट्ट होता होता त्यात ०.१ ग्रॅमच्या आसपास भर पडलेली दिसेल. वाळताना वजन वाढते! मुलांना आधी अंदाज करायला लावा आणि मगच मोजा. आमच्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक हात ‘कमी होईल’ याच बाजूने वर जातो. ही भर हवेतल्या ऑक्सिजनची. तेल वाळत नसते, ते हवा खात असते.

आता थोडे रसायनशास्त्र. तेलाच्या प्रत्येक रेणूत तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. काही साखळ्यांत कार्बनच्या अणूंमध्ये दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन अडकलेला असतो त्याच्याजवळचा हायड्रोजन फार सैल बांधलेला असतो. ऑक्सिजन नेमका तेथे हल्ला करतो. हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड तयार होते, तेही मोडते, आणि या धडपडीत एका रेणूचा हात शेजारच्या रेणूच्या हाताला जोडला जातो. असे लाखो हात जुळले की सुटे रेणू उरतच नाहीत, सगळ्यांचे मिळून एक जाळे होते. यालाच बहुवारिक म्हणतात. रंगद्रव्याचे कण या जाळ्यात अडकून राहतात.

जाळे होण्यासाठी प्रत्येक रेणूला किती हात हवेत? हे मैदानावर करून पाहता येते. प्रत्येक मुलाला एकच हात वापरायची परवानगी द्या. फक्त जोड्या जमतील. दोन हात दिले की लांब साखळी होईल, पण ती मैदानभर सरपटत राहील. काही मुलांना तिसरा हात दिला (शेजाऱ्याने त्यांचा सदरा धरला तरी चालेल) की सगळा घोळका एकमेकांत अडकून जागच्या जागी बसतो. म्हणजे जाळ्यासाठी सरासरीने दोनाहून जास्त हात हवेत.

तेलाच्या रेणूतला ‘हात’ म्हणजे वर सांगितलेली सैल जागा. ओलिक आम्लाच्या साखळीत अशी जागा नसते, लिनोलिक आम्लात एक असते, लिनोलेनिक आम्लात दोन. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. हिशेब केला तर जवसाच्या तेलाच्या एका रेणूला सरासरी साडेतीन हात येतात. नेहमीच्या करडईच्या तेलाला सव्वादोनच्या जवळपास, सोयाबीनला दोन, आमच्या त्या सरकीच्या तेलाला दीडच्या आसपास, शेंगदाण्याला एक किंवा त्याहून कमी, आणि खोबरेलाला जवळजवळ शून्य. दीड हातांच्या रेणूंचे जाळे होणार कसे? बैलजोडी सहा महिने चिकट राहिली याचे कारण एवढेच होते.

याच गुणाचे जुने मोजमाप म्हणजे आयोडीन अंक. दुहेरी बंध आयोडीन शोषतात, म्हणून जास्त आयोडीन शोषणारे तेल जास्त असंपृक्त. हा अंक जवसाच्या तेलासाठी १७० ते २०० च्या दरम्यान, करडईसाठी १४० ते १५० च्या आसपास, शेंगदाण्यासाठी ८५ ते १०० आणि खोबरेलासाठी दहाच्या आगेमागे असतो.

ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतिपैदासकारांनी १९९० च्या दशकात जवसाचे एक असे वाण आणले, की ज्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जेमतेम दोन टक्के उरले. उद्देश खाद्यतेलाचा होता. असंपृक्त तेल लवकर खवट होते, ते टळावे म्हणून. खवटपणा आणि रंगाचे वाळणे या दोन्हींच्या मुळाशी हवेतल्या ऑक्सिजनची तीच क्रिया आहे. स्वयंपाकघरात जी खोड, ती चित्रकाराच्या टेबलावर गुण. त्या नव्या वाणाचे तेल खायला सोयीचे, पण रंगासाठी जवसाचा जो खरा गुण तो त्यातून गेला.

वऱ्हाडात पूर्वी गव्हा-हरभऱ्याच्या बरोबरीने जवसाची निळी फुले सर्रास दिसत. आज आमच्याकडे सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा यांचेच राज्य आहे, जवस मागे पडला. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात मात्र जवसाच्या वाणांवर बरीच वर्षे काम चालू आहे आणि चटणीपुरता जवस तर कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. लाकडी घाण्यावर काढलेले तेल मिळाले तर शाळेतल्या प्रयोगासाठी ते उत्तम. फक्त ते धुऊन घ्यावे लागते, कारण जवसाच्या बियांत एक बुळबुळीत पदार्थ असतो (जवस पाण्यात भिजवून पाहा) आणि तो तेलात उतरतो. काचेच्या बरणीत तेल आणि जरासे मीठ घातलेले पाणी घेऊन खूप हलवा, एक-दोन दिवस निवू द्या, वरचे तेल अलगद काढून घ्या. असे तीन-चार वेळा. मग ते तेल पाण्याचा अंश न ठेवता, तोंडावर सैल झाकण ठेवून, दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा. रंग फिका होतो आणि तेल किंचित दाटही होते. उन्हाने आणि हवेने काम आधीच सुरू केलेले असते.

आता रंग. दुकानातल्या ट्यूबा आणण्याआधी एकदा तरी रंग घोटून पाहावा असे आम्ही आग्रहाने सांगू. गेरू, पिवडी आणि काजळ या तीन वस्तूंना खर्च जवळजवळ नाही. गेरू आणि पिवडी ही लोहाच्या संयुगांची माती. अजिंठ्याच्या भिंतींवर शतकानुशतके टिकलेले लाल आणि पिवळे याच जातीचे आहेत आणि काळा काजळीचाच. गेरू बारीक वाटून पातळ कापडातून गाळा. जाड काचेच्या तुकड्यावर त्याचा ढीग करून मधे आळे करा, त्यात थेंब थेंब तेल सोडा, आणि सपाट बुडाच्या काचेच्या बाटलीने गोल गोल घोटत राहा. पहिली पाच मिनिटे वाटते की तेल फार कमी पडले. पण वीस मिनिटांनी तीच कोरडी भुकटी लोण्यासारखी होते. तेल वाढवण्याची घाई केली की रंग पातळ होतो, आणि हा मोह आवरणे हेच रंग घोटण्यातले निम्मे कौशल्य आहे. काजळ तेलात मिसळायला फार कुरकुरते आणि वाळतेही फार सावकाश. पांढरा मात्र विकतचा घ्यावा, टायटॅनियमचा किंवा जस्ताचा.

काजळ सावकाश का वाळते? सगळीच रंगद्रव्ये या क्रियेत मुकाट बसत नाहीत. ‘अंबर’ नावाच्या तपकिरी मातीत मँगनीज असते, ते ऑक्सिडीभवनाला जोर देते. अंबरचा थर एकदोन दिवसांत वाळतो. कोबाल्ट, मँगनीज आणि शिसे ही धातूंची संयुगे या क्रियेची उत्प्रेरके आहेत. काही रंगद्रव्ये उलट ती रोखतात.

शिशाचा उल्लेख आला म्हणून शेंदराबद्दल बोलले पाहिजे. आपल्या गावोगावच्या मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. रंगद्रव्य आणि तेल, म्हणजे एका अर्थाने तैलरंगच. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. पिढ्यान्‌पिढ्या असे लेप चढत गेले की मूर्तीवर जाड कवच तयार होते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे असे थर २०२२ मध्ये काढण्यात आले, तेव्हा आतले मूळ रूप दिसले. लोखंडाला गंज चढू नये म्हणून शेंदूर आणि जवसाचे तेल यांचा अस्तर-रंगही फार वर्षे वापरात होता. पण शिसे हे विष आहे. ते शरीरात साठते आणि मुलांच्या मेंदूला त्याची बाधा सर्वांत जास्त. तेव्हा गेरूवर थांबावे. ‘शेंदूर घोटून पाहू या’ हा प्रयोग शाळेत करू नये. शिशाचा सफेता तर मुळीच नको. ट्यूबांमध्येही कॅडमियम असलेले लाल-पिवळे मुलांच्या हाती देण्याची गरज नाही.

रंगवायचे कशावर? थेट कापडावर किंवा कागदावर नव्हे. वर सांगितलेल्या क्रियेत तेलातून आम्लधर्मी पदार्थ तयार होत राहतात, आणि ते कापसाचे व कागदाचे तंतू कुजवतात. चित्राभोवती तेलाचा पिवळा डाग पसरलेला कागद काही वर्षांनी हातात मोडतो. म्हणून तंतू आणि तेल यांच्यामध्ये अस्तर हवे. सुरुवातीला हार्डबोर्डचा तुकडा सर्वांत सोयीचा. एक भाग सरस दहा-बारा भाग पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा (उकळू नका, चिकटपणा जातो). त्याचा एक हात बोर्डाला द्या. उरलेल्यात खडूची पूड ताकाइतकी दाट होईपर्यंत कालवून दोन-तीन हात द्या. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, नाकाला रुमाल बांधून. फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, चुनखडीचा नव्हे. दोन्ही चालतात, आणि त्या दोहोंतला फरक ओळखायला विज्ञानशिक्षकांकडे लिंबाचा रस आहेच. हे अस्तर ठिसूळ असते, म्हणून मांजरपाटावर ते देऊ नका, तडे जातील. कापडावरच रंगवायचे तर दुकानात मिळणारे ॲक्रिलिकचे अस्तर, ज्याला ‘जेसो’ म्हणतात, ते वापरावे.

नवशिक्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते ते थरांच्या क्रमात. चित्रकारांचा नियम आहे: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. पुष्कळांना तो उलटा वाटतो. पण काचेवरचा प्रयोग आठवा. तेलाचा थर आधी ऑक्सिजन घेऊन फुगतो, आणि पुढे कित्येक महिने त्यातून लहान रेणू बाहेर पडत राहतात, तेव्हा तो आक्रसतो. म्हणजे ‘वाळलेला’ रंगही हलत असतो, आणि जितके तेल जास्त तितका जास्त हलतो. वर कमी तेलाचा ताठर थर आणि खाली जास्त तेलाचा हलता थर अशी रचना झाली तर वरचा फाटणारच. भेगाळलेल्या काळ्या जमिनीचे कारण वेगळे, पण चित्राचा चेहरा तसाच दिसतो. रंग एकदम फार जाड थापला तर आणखी एक गंमत होते. हवा वरूनच लागते, म्हणून वर कातडे धरते आणि आत ओले राहते. मग दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात.

म्हणून पहिल्या चित्राची रीत साधी ठेवावी. एकच वस्तू घ्या. तांब्या, कांदा, लिंबू यांपैकी काहीही, खिडकीजवळ ठेवलेले. पहिल्या दिवशी ट्यूबेतला रंग तेल न घालता, कडक केसांच्या ब्रशने घासून पातळ लावा. फक्त प्रकाश आणि सावली यांचे भाग पाडा. मग चार-पाच दिवस थांबा. बोटाला रंग लागेनासा झाला की दुसरा थर, त्यात तेलाचे दोन-तीन थेंब. पुन्हा थांबा. हे थांबणे मुलांना जड जाते, पण त्यातच जलरंगात न मिळणारी सवलत आहे. चूक झाली तर ती दोन दिवस पुसता येते, कडा आजच्या आज सौम्य करायची घाई नसते, एक रंग दुसऱ्यात सावकाश विरघळवता येतो. नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे याच मंदपणाचा उपयोग करीत. रोलरने रंग पसरायचा, सुरीने काही काढायचा, त्यावर पुन्हा पातळ थर. त्यांच्या चित्रांतला आतून येणारा प्रकाश अशा थरांमधून येतो.

तेलात रंग कालवण्याची युक्ती पंधराव्या शतकात युरोपात, यान व्हान आयक यांनी शोधली असे जुन्या पुस्तकांत असते. तसे व्हासारी या इटालियन लेखकाने १५५० मध्ये लिहून ठेवले आणि ते चालत आले. पण अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतील सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत वाळणाऱ्या तेलाचे अंश सापडल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ही युक्ती आशियात कित्येक शतके आधी ठाऊक होती. आपल्याकडे मात्र तैलचित्राचे शिक्षण रुजले ते युरोपीय वाटेनेच, मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांनी, त्यांत पेस्तनजी बोमनजीही होते, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्याआधी १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी कॅनव्हासवर तैलरंगात त्या केल्या होत्या. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच १८८५ च्या दुसऱ्या आगीत गेल्या. भिंतीवरची मूळ चित्रे राहिली, पण त्यांच्यावर संरक्षणासाठी म्हणून नंतर जे व्हार्निश चढवले गेले ते पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पुढे करावे लागले.

आगीचा विषय आलाच आहे, तर या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना इथेच द्यायला हवी. तेल ऑक्सिजन घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. काचेवरच्या पातळ थरात ती हवेत निघून जाते, आपल्याला जाणवतही नाही. पण जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर? कापडाच्या तंतूंमुळे तेलाला हवा भरपूर मिळते आणि चुरगळल्यामुळे उष्णता आत कोंडते. तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान. काही तासांत फडके आपोआप पेटते. काडी नको, ठिणगी नको. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी बाविसाव्या मजल्यावर आग लागली. लाकडाची झिलई करणाऱ्यांनी टाकून दिलेली जवसाच्या तेलाची फडकी हे तिचे कारण. तीन अग्निशामक जवान त्यात दगावले.

आता एप्रिल-मेमधले वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. पत्र्याची खोली, बंद खिडक्या, बाहेर ४४-४५ अंश, आणि सुट्टीत कुलूप लावलेल्या कपाटात तेलकट चिंध्यांचा बोळा. म्हणून तास संपला की प्रत्येक फडके पूर्ण उलगडून मोकळ्या हवेत एकेरी दोरीवर वाळत घालायचे, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवायचे. हे काम मुलांवर सोपवून शिक्षकांनी निघून जाऊ नये, स्वतः पाहावे. बॅटला जवसाचे तेल चोळणाऱ्या मुलांनाही हे सांगून ठेवावे.

टर्पेंटाइनबद्दल थोडेसे. रंग पातळ करायला ते वापरतात आणि ते मात्र खरोखर उडून जाते. त्याची वाफ डोके धरते आणि पेटही घेते. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात ते नसलेले बरे, आणि वर सांगितलेल्या रीतीत त्याची गरजही पडत नाही. आणलेच तर थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. ब्रश स्वच्छ करायला स्वस्त उपाय आहे: आधी फडक्याने पुसावा, मग न वाळणाऱ्या तेलात घोळवावा, मग साबणाने फेस स्वच्छ येईपर्यंत धुवावा. यासाठी शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल उत्तम. आमच्या त्या तेलाची योग्य जागा ही होती, चित्रात नव्हे.

काचेच्या प्रयोगाला फाटे फोडता येतील तेवढे थोडेच. सहा काचपट्ट्यांवर सहा तेले लावा, रोज कापसाचा बोळा हलकेच टेकवून तंतू चिकटतात का ते पाहा, तारीख लिहा. जवस आठवड्याभरात, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, बोटाला कोरडे लागेल. करडई मागून येईल. शेंगदाणा आणि खोबरेल महिन्यानंतरही ओलेच असतील. जवसाच्या दोन पट्ट्यांपैकी एक खिडकीत आणि एक बंद खोक्यात ठेवा. खोक्यातली मागे पडेल आणि पिवळीही जास्त होईल. अंधारात ठेवलेली तैलचित्रे पिवळसर होतात ती याच कारणाने. उजेडात ठेवली की हा पिवळेपणा काही अंशी उतरतो. म्हणून विद्यार्थ्यांची चित्रे गुंडाळून कपाटात टाकण्यापेक्षा भिंतीवर लावलेली बरी, आणि व्हार्निश करायचे असेल तर किमान सहा महिने, रंग जाड असेल तर वर्षभर थांबावे. पांढऱ्या रंगासाठी काही उत्पादक करडईचे तेल वापरतात ते ते कमी पिवळे पडते म्हणून. सावकाश वाळण्याची किंमत तिथे मोजावी लागते. अर्धी रिकामी तेलाची बाटली काही महिन्यांनी उघडून पाहा. वर सायीसारखे कातडे दिसेल आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीत ते नसेल. त्याचे कारण आता वर्गातल्या कुणीही सांगावे.

बैलजोडीचे ते चित्र कामरगावच्या घरी अजून आहे, माश्यांसकट. गेल्या उन्हाळ्यात बोट लावून पाहिले. ट्यूबेतला रंग जिथे तसाच लावला होता तिथे तो दगडासारखा घट्ट आहे. खालच्या कोपऱ्यात गवत रंगवताना आम्ही सरकीचे तेल सढळ हाताने ओतले होते. तिथे बोट अजूनही किंचित अडकते.